सुग्रीवचं माप

जवळ सरका, मोठ्यानं सांगण्यातली ही गोष्ट नाही.

तेलगावच्या पुढं एक जिनिंग आहे, कापसातली सरकी काढून गासड्या बांधणारा कारखाना. मे महिन्यात मी तिथं गेलो ते कॉम्प्युटर दुरुस्तीच्या साध्याच कामासाठी. कॅमेऱ्यांचं चित्र दाखवणारा प्रोग्रॅम नव्या मोठ्या स्क्रीनवर नखाएवढा दिसत होता. अक्षरं वाचायची तर काचेला नाक लावावं लागे.

कापसाचा हंगाम संपलेला. तापलेल्या पत्र्याखाली दुपारचे दोन, आणि सगळीकडं कुजक्या सरकीचा वास. मालक राधाकिशन यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. गासड्या दाबायच्या प्रेसच्या खोलीला कुलूप आहे, तिकडं फिरकायचं नाही, एवढं सांगून ते गाडीत एसी लावून बसले.

ऑफिसातला कॉम्प्युटर वनमाला नावाची बाई सांभाळायची. तिनं खुर्ची सोडली नाही. मी उभ्यानंच बघितलं. हा प्रोग्रॅम कुणी हातानं उघडत नव्हतं. मशीन चालू होताच मागं चालणारी एक सर्व्हिस त्याला उठवायची. स्क्रीनवरचं सगळं दीडपट दाखवायचं ठरलंय, हे त्या सर्व्हिसला ठाऊकच नव्हतं. म्हणून बाकी सगळं मोठं, हा एकटा बारीक.

"लहान हाय तेच बरं हाय," वनमाला म्हणाली. "मालकाला सांगा, व्हत न्हाई म्हनून."

मला राग आला. मी सेटिंग बदललं, सर्व्हिस परत सुरू केली. चौकट फुलली. प्रेसची खोली स्वच्छ दिसली: यंत्र, कापसाच्या दोन गासड्या, आणि एक पाठमोरा माणूस.

खोलीला कुलूप आहे ना, मी विचारलं. चौकट मोठी होऊन थांबली, तो माणूस मात्र वाढायचा थांबला नाही. त्याचे खांदे गासड्यांच्या वर गेले, मग यंत्राच्या. कुठंतरी पत्रा कुरकुरला... स्क्रीनमध्ये नाही, भिंतीपलीकडं.

मी घाईनं आकार पहिल्यासारखा केला. खोली आकसली, यंत्र आकसलं, गासड्या मुगाएवढ्या झाल्या. तो आकसला नाही.

"कोण आहे हा?"

"सुग्रीव," ती हळू म्हणाली. "गेल्या साली प्रेसमंदी पडला. मालकानं मशीन बंद करू दिलं न्हाई... गासडी पुरी होईस्तोवर. काढला तवा एवढासा झालता."

तिनं हातानं दाखवलेलं माप मला सांगवत नाही.

मी सर्व्हिस थांबवली. प्रोग्रॅम चालूच राहिला. तो वळायला लागला. मी वायर उपटली, काच काळी पडली, आणि भिंतीपलीकडं एक जड पाऊल सरकलं.

"तुमच्याआधी आलेल्या सरांनीबी मोठं केलतं," वनमाला म्हणाली. आवाजात कीव नव्हती. "नको म्हनलं होतं मी. जावा आता."

त्याला तीन आठवडे झाले. चप्पल ढिली वाटायला लागली म्हणून मी नवी घेतली, एक नंबर कमी. काल तीही टाचेतून निसटली.