न जोडलेला मॉनिटर

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर सोडून द्या, पण रॅग्ना टॉलेफसनच्या तोंडावर तसं म्हणू नका. इथं अमेरिकेत, डलुथमध्ये, तिला ओळखणारे आम्ही सगळे तेवढं पथ्य पाळतो.

फेब्रुवारीतली दुपार होती. गावालगतच्या सरोवरावरून वारा सुटला होता, बर्फानं रस्ते बंद. रॅग्ना स्वयंपाकघरात टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली होती. रविवारी चर्चच्या तळघरात एल्डनची शोकसभा होती आणि तिला तिथं त्याच्याबद्दल चार चांगले शब्द बोलायचे होते.

चारच कसले... एल्डननं तिला माणसांत आणलं होतं. तिचा नवरा ड्वेन तिच्या लॅपटॉपमधूनच तिच्यावर पाळत ठेवायचा. कुणाशी बोलते, काय लिहिते, सगळं. त्याला सोडून ती इथं आली, तेव्हा म्हाताऱ्या एल्डननं तो लॅपटॉप आतून पूर्ण पुसून त्यावर लिनक्स ही खुली सिस्टिम टाकून दिली. लायब्ररीत तो लोकांना हेच फुकट शिकवायचा.

"पोरी, याच्या आत काय चाललंय ते कुणालाही उघडून बघता येतं," तो म्हणाला होता. "त्यामुळे इथं कुणी लपून बसत नाही. निर्धास्त राहा."

ती राहिली. पासवर्डसुद्धा त्यालाच देऊन टाकला. काही बिघडलं की तो आपल्या घरी बसूनच दुरुस्त करायचा. ड्वेनच्या भीतीनं कॅमेऱ्यावर लावलेली चिकटपट्टीही तिनं काढून टाकली.

आता तो नव्हता. आणि त्या दुपारी स्क्रीन चालवणारा ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट झाला नि लॅपटॉपला जोडलेला बाहेरचा मॉनिटर काळा पडला. तोही एल्डननंच दिलेला. तिनं केबल काढून परत लावली. लॅपटॉप बंद करून चालू केला. काही उपयोग नाही. शेवटी वैतागून तिनं मॉनिटर उचलला आणि कपाटात ठेवला.

तरीही सेटिंगमध्ये दोन मॉनिटर दिसत होते.

एक लॅपटॉपचा. आणि दुसरा... त्याच्या उजवीकडे.

माउसचा बाण उजव्या कडेला गेला की पलीकडे निघून जायचा. तिनं भाषणाची फाइल उघडली.

तीही पलीकडेच उघडली.

तिनं जोआनला फोन लावला. जोआन एल्डनच्याच लायब्ररीतल्या गटातली. ऐकून ती हसली.

"आमच्यात त्याला भूतच म्हणतात. ड्रायव्हरला वाटतंय मॉनिटर अजून जोडलेला आहे. एक स्क्रीनशॉट घे बघू. नसलेल्या मॉनिटरवरचंही त्यात येतं. फाइल कुठं गेलीय ते कळेल."

रॅग्नानं स्क्रीनशॉट घेतला.

डाव्या अर्ध्यात तिचा नेहमीचा स्क्रीन होता. उजव्या अर्ध्यात फाइल नव्हतीच...

फोटो होते.

लहान लहान, ओळीनं लावलेले. सगळे तिचेच. याच टेबलाशी, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून काढलेले. सूप पिताना. रडताना. एकात बाजूच्या खिडकीला पिवळे पडदे होते. ते पडदे तिनं दोन वर्षांपूर्वीच फेकून दिले होते.

तेव्हा एल्डन चांगला धडधाकट होता. आणि पासवर्ड दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

तिला रडू आलं नाही, संताप आला. ड्वेन निदान उघड उघड वाईट होता. एल्डनला तिनं बापाच्या जागी मानलं होतं, आणि त्यानं तिचा असा केसानं गळा कापला होता.

मग तिची नजर शेवटच्या फोटोवर गेली.

त्यात राखाडी शाल होती. आत्ता अंगावर होती, तीच. पण चेहरा दिसत नव्हता...

पाठ दिसत होती.

तिच्या मागे भिंत होती. भिंतीवर साधा खिळाही नव्हता.

फोनमध्ये जोआन हॅलो, हॅलो करत होती. घर गरम ठेवणारी भट्टी अचानक बंद पडली. सगळं शांत झालं. आणि अगदी मानेजवळ...

कुणीतरी हलकेच खाकरलं.

ती वळली. भिंतच होती.

तिनं तो स्क्रीनशॉट तेव्हाच जोआनला पाठवला. जोआनला उजवा अर्धा नुसता काळा दिसला. तुझ्या मनावर ताण आलाय, ती म्हणाली. रॅग्नालाही तेच हवं होतं. भास असेल तर एल्डन चांगला माणूस ठरत होता, आणि तिच्या आयुष्यात निदान एक तरी माणूस चांगला निघाला असता.

रविवारी ती बोलली. मनापासून बोलली. लोकांनी डोळे पुसले.

नंतर कॉफी घेताना एल्डनची बायको व्हर्ना तिच्याजवळ आली. तिचा हात हातात घेतला.

"त्याला तुझी फार काळजी होती गं," ती म्हणाली. "जेवताना तू समोर आईसाठी बशी मांडतेस, तिच्याशी बोलतेस... ते बघून त्याचे डोळे भरून यायचे. मलाही बोलवायचा बघायला."

रॅग्नाची आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्या बशीचं तिनं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.

लॅपटॉप तिनं दुसऱ्याच दिवशी भंगारात दिला. दुसरा घेतला नाही. आता ती बशी मांडत नाही, खुर्चीत बसतही नाही. ओट्याशी उभी राहून कसंबसं पोटात ढकलते. हे तिनं फक्त मला सांगितलंय.

परवा तिला व्हर्नाचा फोन आला. प्रेमानंच बोलत होती.

"हल्ली उभ्यानं का जेवतेस गं?"

व्हर्नाला हे कसं कळलं, ते विचारायचा रॅग्नाला अजून धीर झालेला नाही. मलाही नाही.