तेच तांबं, तीच भुकटी

सूक्ष्मदर्शकाच्या खोलीत कुणी दिसेना. फक्त यंत्राखालून दोन पाय बाहेर आलेले.

“दार लावा, धूळ येते,” आतून आवाज आला.

मी दार लावलं. विस्कटलेल्या केसांचा एक माणूस बाहेर सरकला. नेहमीचे ऑपरेटर रजेवर, म्हणून हा पंधरा दिवसांसाठी आलेला.

“या दोन बाटल्या बघायच्यात,” मी म्हणाले. “दोन्हींत तेच… सिलिकाच्या भुकटीवर तांब्याचं ऑक्साइड. प्रमाणही तेच. एक विषारी वायू चुटकीसरशी निर्विष करते, दुसरी ढिम्म! का ते सोमवारपर्यंत कळलं नाही, तर सर काम बंद करणार. तीन वर्षं पाण्यात.”

“बनवल्यात कशा?”

“ढिम्मवाली तांब्याच्या क्षारात भिजवली, भरभर वाळवली, भाजली. दुसरीत युरिया घालून आठ तास मंद आचेवर ढवळत बसले.”

“आठ तास? मग स्वभाव शांत दिसतो.”

“नमुना बघताय की मुलगी?” मी बोलून गेले आणि जीभ चावली.

हसत हसत त्यानं दिवा मालवला. पडद्यावर ढिम्मवाली बाटली आली. काळे, ओबडधोबड गोळे, मध्ये नुसती उघडी सिलिका.

“वाळताना पाण्यानं तांबं ओढून एका जागी नेलं,” तो म्हणाला. “गोळ्याच्या आतलं तांबं वायूला भेटतच नाही. आता दुसरी…”

कडेपर्यंत इवलेइवले ठिपके, एकही दुसऱ्याला न चिकटलेला. त्यानं चित्र मोठं केलं – तर आणखी ठिपके! केसाच्या जाडीत वीस हजार मावतील इतके बारीक.

“हे… मी केलं?”

“दहा वर्षं हे काम करतोय,” तो हळूच म्हणाला, “असं कधी पाहिलं नाही.”

मी ती चित्रं लगेच उतरवून घेतली.

सोमवारी ती चित्रं बघून सरांनी चष्मा दोनदा पुसला. काम चालू राहिलं. मी रोज नवी बाटली घेऊन त्या खोलीत जाऊ लागले.

पंधराव्या दिवशी तो बराच वेळ पडदा न्याहाळत राहिला.

“यात तांबं दिसत नाही.”

“घातलंच नाही…”

“मग आणली कशाला?”

“नमुने संपले होते. आणि तुमचा आज शेवटचा दिवस…”

“परवाच्या बाटलीतही नव्हतं.”

“कळलं होतं? मग दोन तास काय शोधत होता?”

“काहीच नाही. सांगितलं असतं, तर तू उठून गेली असतीस.”

तू… पहिल्यांदाच. मी उठले नाही. खुर्ची तेवढी त्याच्याकडे सरकवली.