कॅम्परचं छत उतरवताना

दोष माझ्या बापाचा. लाइलचा. गावातले लोक हीटरला दोष देतात, चर्चमधल्या बायका देवाच्या इच्छेवर ढकलून मोकळ्या होतात. हीटर बिचारा लोखंडाचा. लाइलला सगळं ठाऊक होतं.

मे महिन्यात मी कॉलेज अर्धवट सोडून घरी आलो. बाप ओरडला नाही. म्हणाला, "डोक्याचं काम जमलं नाही ना? मग आता हात घाण कर." दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नदीच्या वरच्या अंगाला वर्नाकाकूकडे कॅम्पर आणायला गेलो.

तो तिच्या कोठारामागे गुडघाभर गवतात चार जॅकवर उभा होता. पिकअपच्या हौद्यावर ठेवायची पत्र्याची खोली. मुक्कामाला पोचलं की छत वर ढकलायचं, मग मधली कॅनव्हासची भिंत ताणून उभी राहते आणि माणूस आत ताठ उभा राहू शकतो. निघताना छत दाबून खाली घ्यायचं आणि बाहेरून चार कड्या लावायच्या. वर्नाकाकूचा नवरा हॉलिस आणि माझा बाप पंधरा वर्षं दर ऑक्टोबरला यातून एल्क हरणांच्या शिकारीला जात. सहा वर्षांपूर्वी हॉलिस यातच मेला. डोंगरात मुक्काम होता, हीटरचा धूर आत साचला. छतातला झरोका त्यानंच बंद केला असणार, असं बापानं सगळ्यांना सांगितलं होतं.

"घेऊन जा," वर्नाकाकू दारातूनच म्हणाली. "पण परत आणू नकोस, लाइल."

"परत कशाला आणतोय? टोबिनसाठी नीट करतोय."

हे मला तेव्हाच कळलं. घरी येताना बाप म्हणाला, "हा उभा राहिला की तुझा. ट्रकसकट. जा मग कुठं जायचं तिथं." मी लगेच ठरवलं. ऑगस्टअखेर काम संपवायचं, समुद्र लागेपर्यंत गाडी चालवायची आणि या घराकडे फिरकायचं नाही. मला दुसरं काही नको होतं.

गॅरेजमध्ये आम्ही पत्रा सोलला. आतलं लाकूड भिजलेल्या पावासारखं हातात येत होतं. उंदरांच्या मुताचा आणि ओल्या राखेचा वास कपड्यांतून जाईना. कामाची पद्धत साधी. कुजलेला तुकडा न मोडता काढायचा, नव्या लाकडावर ठेवायचा, पेन्सिल फिरवायची आणि तसाच कापायचा. म्हणजे नवा कॅम्पर जुन्याच्या मापानं उतरतो. बापाला तर प्रत्येक भोकसुद्धा जुन्याच जागी हवं होतं. मी म्हटलं, निदान हीटर तरी नवा घेऊ.

"हाच चालतो."

"यानं माणूस मारलाय, बाबा."

"चालतो म्हटलं ना, पंडित? पाना दे."

छत उतरवायलाही पद्धत होती. एकानं आत राहायचं, कॅनव्हास आत ओढत छत खाली घ्यायचं आणि वाकून दारातून बाहेर पडायचं. बाहेरच्यानं विचारायचं, "मोकळं?" बाहेर पडलेल्यानं ओरडायचं, "मोकळं!" मगच कड्या लावायच्या. हॉलिसनं घालून दिलेला नियम. बापानं तो मला शंभरदा घोकायला लावला.

जुलैत आम्ही नवा कॅनव्हास बसवला. दुपारचे दोन वाजले होते, गॅरेजचं दार बंद, वाऱ्याची झुळूक नाही. मी खाली बसून जॅकला तेल देत होतो. वर काहीतरी हलल्यासारखं वाटलं. कॅनव्हासची भिंत फुगली... मग आत गेली. पुन्हा फुगली. हळू, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी.

"बाबा, आत काय करतोयस?"

"कुणाला विचारतोयस?" बाप माझ्या मागे, घराच्या दारात उभा होता. हातात दोन सँडविच.

आम्ही दोघं बघत राहिलो. भिंत आणखी तीनदा हलली आणि थांबली. मग आतून पत्र्यावर टक... टक.

"पत्रा तापला की वाजतो," बाप म्हणाला. "हवा फुगते."

"आणि आत कशी जाते?"

त्यानं माझं सँडविच खोक्यावर ठेवलं आणि स्वतःचं कुत्र्याला घातलं. त्यानंतर ती टकटक रोजचीच झाली. मी ऐकायचंच सोडून दिलं.

छताचं काम सर्वांत शेवटी आलं. पलंगावरच्या भागातलं डांबर खरवडताना खाली एक पत्र्याचा तुकडा लागला. झरोक्यावर बरोबर बसवलेला, आठ स्क्रूंनी. मी तो उचकटून उलटा केला. कापलेली नंबरप्लेट होती. आमच्या जुन्या ट्रकची.

स्क्रू बाहेरून मारलेले होते. आतला माणूस बाहेरून स्क्रू मारत नाही.

मी प्लेट बापासमोर टाकली.

"बर्फ आत येत होतं," तो म्हणाला. "त्याला ताप होता. खोकत होता सारखा. गार लागू नये म्हणून..."

"दवाखाना दोन तासांवर होता."

"माहितीये."

"मग त्याला खाली का नाही आणलंस?"

"एल्क खाली उतरले होते, टोबिन. सगळा कळप. पंधरा वर्षांत तेवढे कधी..." त्यानं प्लेट उलटी ठेवली. "वारा होता म्हणून छतही उतरवलं. मी विचारलं होतं त्याला. बाहेरून विचारलं, ठीक आहेस ना? तो म्हणाला, जा तू."

"वर्नाकाकूला सांगितलंस?"

"काय सांगू? तूच सांग, काय सांगू?"

"जे घडलं ते. सहा वर्षं तिच्या टेबलाशी बसून तिच्या हातचं गिळलंस, ते चाललं?"

तो उठून आत गेला. मी त्याच रात्री निघालो असतो, पण छत उघडं होतं आणि ट्रकची किल्ली त्याच्या खिशात होती. अजून चार दिवस, एवढंच स्वतःला बजावलं. चार दिवस आम्ही स्क्रू आणि मापांपलीकडे बोललो नाही. नवा झरोका मी बसवला.

पाचव्या दिवशी, भर दुपारी, कॅम्पर ट्रकवर चढवला. माझी बॅग पुढच्या सीटवर ठेवली होती. बाप म्हणाला, "हीटर एकदा पेटवून बघतो, मग छत खाली घेतो. तू कड्या लाव आणि जा." तो आत शिरला. हीटरचा फुर्रर्र आवाज आला, गॅसचा वास आला. मग छत खाली आलं, कॅनव्हास आत ओढला गेला.

"मोकळं?" मी विचारलं.

"मोकळं," मागून आवाज आला. घराच्या पायऱ्यांकडून, बापाचा. शेवटी थोडा खोकला.

मी वळून पाहिलं नाही. त्याचं तोंड बघायची इच्छा नव्हती. चार कड्या लावल्या, खट, खट, खट, खट, आणि हात धुवायला मागच्या नळावर गेलो. अर्धा तास घासलं तरी ग्रीस निघेना. पत्र्यावर टकटक ऐकू येत होती. ऊन होतं. पत्रा तापला की वाजतो.

किल्ली मागायला घरात गेलो तर घर रिकामं. कॉफीच्या मगावर कोरडा डाग. वर हाक मारली, तळघरात हाक मारली. मग पाय आपोआप पळायला लागले.

कॅम्परचं दार लावलेलंसुद्धा नव्हतं. बोटानं ढकललं तर उघडलं. बाहेर यायला त्याला एक पाऊल पुरलं असतं.

मी श्वास धरून रांगत आत गेलो. हीटर लाल झाला होता, नवा झरोका आतून घट्ट बंद होता. बाप वर पलंगावर होता, छत आणि गादीच्या मधल्या दीड हात फटीत. पलंग दोघांचा, पण तो पार कडेला, भिंतीला चिकटून, गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. बाजूला माणसाला जागा करून द्यावी तसा. त्या मोकळ्या अर्ध्यात नव्या फोमवर एक लांब खड्डा पडला होता. खांद्यापाशी खोल, टाचांपाशी उथळ. मी बघत असताना फोम हळूहळू वर येत होता.

बाप मेला. त्रेपन्न वर्षांचा होता.