मातीच्या माणसाचा सावकाश जिना

पहिल्या भेटीतच दोघांची जुंपली.

"अहो, तुमचा सिनेमा पळतोय!" तालमीत पियानोवरून ती ओरडली.

मागच्या भिंतीतल्या चौकोनी भोकातून ऑपरेटरचं विस्कटलेल्या केसांचं डोकं डोकावलं. "सिनेमा बरोबर आहे, बाई. तुमची बोटं रेंगाळतायत."

बाई म्हणे! चोवीस वर्षांच्या मुलीला बाई! ती चांगलीच फणकारली... आणि तरी घरी जाताना ते विस्कटलेले केस तिला आठवत राहिले.

मूकपट ज्यू लोकांच्या जुन्या कथेवरचा होता. वस्तीच्या रक्षणासाठी धर्मगुरू मातीचा माणूस घडवतो, त्याच्यात जीव घालतो, आणि मग तो पठ्ठ्या कुणालाच जुमानत नाही. अशा सिनेमाचा वेग ऑपरेटरच्या हातात. तो बटण फिरवेल तसा सिनेमा पळणार. संगीत मात्र तिनं समोर बसून वाजवायचं. थिएटरच्या मालकीण काकूंनी बजावलं होतं, "गडबड झाली, तर पुढच्या रविवारपासून सरळ रेकॉर्ड लावीन." तिला ही नोकरी हवी होती. खरं सांगायचं तर ते विस्कटलेलं डोकंही हवं होतं.

रविवारी दुपारी खेळ रंगात आला. मातीचा माणूस जिना चढू लागला आणि – पंख्याच्या वाऱ्यानं तिची संगीताची सगळी पानं खाली! एका हातानं एकच गंभीर सूर बडवत ती दुसऱ्या हातानं जमीन चाचपू लागली. गेली नोकरी!

वर पाहते तर काय... मातीच्या माणसाचा पाय हवेतच. गृहस्थ पायरी चढेचनात! एकेक पाऊल इतकं सावकाश, की प्रेक्षकांनी श्वास रोखून धरला. तिला शेवटचं पान सापडलं, तेव्हा कुठे स्वारी वर पोचली.

खेळ संपताच काकू तरातरा मशीनच्या खोलीत. मागोमाग ती.

"सात पायऱ्यांना तीन मिनिटं?" काकू कडाडल्या.

"मशीन अडकलं, काकू. यांची काही चूक नाही," ऑपरेटर म्हणाला.

नोकरी गेली तर गेली. "खोटं बोलतायत ते," ती म्हणाली. "माझी पानं पडली होती."

काकूंनी दोघांना आळीपाळीनं न्याहाळलं. "लोक त्या जिन्यावर फिदा आहेत. दर रविवारी अस्संच अडकलं पाहिजे!" म्हणत त्या निघून गेल्या.

"पण काय हो... एवढ्या लांबून माझी पानं पडलेली दिसली कशी?" तिनं त्याला विचारलं.

तो कानापर्यंत लाल झाला. "पडद्याकडे बघायचा पगार मिळतो मला... तुमच्याकडे आपला फुकटच बघतो."

तिनं त्याच्यावर बोट रोखलं. "फुकट बघणं बंद. आजपासून मला घरापर्यंत सोडायला यायचं. रोज."

"पण... खेळ तर फक्त रविवारी असतो."

"माहीत आहे मला," ती म्हणाली.