कानाखाली सोडलेली रेघ

मुलगा आणि सून दुसऱ्या गावी बिऱ्हाड करणार, हे ठरलं. मागे सासूबाईंना घर खायला उठू नये म्हणून मुलाने एक चित्रकार बोलावला. आधी सुनेचं चित्र, मग स्वतःचं. त्यांच्या जाण्याला सासूबाई हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. खुर्ची ओढून चित्रकाराच्या खांद्यामागेच बसल्या. इतकं हळू बोलणाऱ्या माणसावर त्यांचा कधीच विश्वास नव्हता.

पेन्सिल मात्र गुणाची होती. सुनेचा चेहरा जरा वळलेला, एकच कान दिसणारा. भुवईवर रेघ दाबून काळी, गालावर अशी हलकी की कागदालाही कळू नये. ओठांच्या कोपऱ्यात एक बारीकशी ओढली, आणि सुनेचं ते गिळलेलं हसू हुबेहूब उतरलं. पण कानाखाली, दाराच्या बाजूला, रेघ तुटली ती थेट हनुवटीपाशी उगवली.

"इथे पेन्सिल संपली वाटतं," सासूबाई म्हणाल्या.

"ती जागा मोकळीच राहू द्या, आजी. माणसाला जायला-यायला लागते." तो हसला नाही.

'आजी' त्यांना झोंबलं. काम अर्धं आणि वर शहाणपण. तो हात धुवायला गेला तशी त्यांनी पेन्सिल उचलली आणि कानापासून हनुवटीपर्यंत जाड रेघ ओढून कुंपण पुरं केलं. चित्रकार परत आला, त्याने कागद पाहिला आणि पेन्सिलही न घेता निघून गेला.

संध्याकाळी सून भाजीला निघाली, उंबऱ्यापर्यंत गेली आणि काहीतरी विसरल्यासारखी परतली. दुसऱ्या दिवशीही तेच. मुलाने हाताला धरून नेलं, तरी पाय दारातच थबकले. का, ते तिलाही सांगता येईना. सासूबाईंना आधी बरं वाटलं. मग वाटलं, ही आपल्याला वेडावतेय. पण मुलगा रडवेला झाला, तेव्हा त्यांनी मुकाट खोडरबर शोधला.

त्यांची रेघ ढिम्म हलेना. जोर लावला तशी शेजारची गेली. कान गेला.

"अगं."

सून हातभर अंतरावर बसली होती. तिने वर पाहिलं नाही.

सोंग. नक्कीच सोंग. सासूबाईंनी तिच्या पाठीमागे स्टीलचं ताट फरशीवर सोडलं.

सुनेची पापणीही लवली नाही.

मग इतके दिवस ओठांआड दाबलेलं एकदाचं बाहेर पडलं.

"जा गं पोरी. जा तुम्ही दोघं. माझी ना नाही."

सून भरलेल्या बॅगेतले कपडे काढून कपाटात लावत राहिली, घडीवर घडी.