आधी मेंढरं, मग माणसं

“हा बघा! बारा मेगापिक्सेल! असा पीस अख्ख्या जालन्यात दुसरा सापडला तर दुकान बंद करतो!”

कारभारीशेठनं लालचुटुक कॅमेरा काउंटरवर ठेवला. जालन्याच्या मस्तगड भागातल्या त्या दुकानात दिवाळीची तोबा गर्दी होती, आणि त्या गर्दीत हसनाबादहून एसटीनं आलेली तीन पोरं काचेला नाक लावून उभी होती. तेरा वर्षांची सत्यशीला. तिचा आत्येभाऊ भुजंग, ज्याचं डोकं तापायला काडी लागत नसे. आणि शेजारची नंदा, जिचं तोंड फक्त झोपेत बंद राहायचं.

“घेऊन टाक!” भुजंग म्हणाला. “लाल हाय!”

“लाल तर टमाटं बी असतंय,” नंदा म्हणाली. “शेठ, झूम दाखवा.”

शेठनं बटण दाबलं. पडद्यावर समोरच्या दुकानाची पाटी मोठी झाली, पण अक्षरं पाण्यात भिजल्यासारखी पसरली. सत्यशीलानं कॅमेरा उलटा करून पुढून पाहिला.

“भिंग तर हललंच न्हाई! हे आतल्या आत चित्र ओढून मोठं करून राह्यलं.”

“आणि ह्याला सेल कोणते?” नंदानं विचारलं.

“सेल? अगं, चार्जिंगची बॅटरी हाय! रोज लाईटवर लावायची.”

“रोज लाईट असती तर आम्ही टीव्ही न्हाई का घेतला असता!” भुजंग फिस्सकन हसला. “आमच्याकडं दिवसभर लोडशेडिंग.”

सत्यशीलाची नजर खालच्या फळीवर गेली होती. तिथं साबणाच्या वडीसारखा जाड, काळा, कुणी न विचारलेला कॅमेरा पडला होता. तो चालू केल्यावर भिंग ‘घर्र’ करत खरंच बाहेर आलं. आणि त्याला लागायचे दोन पेन्सिल सेल, जे गावातल्या किराणा दुकानात मिळतात! रंग गेलेला होता, म्हणून स्वस्तही.

“हाच!” ती म्हणाली.

“मेमरी कार्ड? कंपनीचं महाग पडंल. हे दुसऱ्या कंपनीचं घ्या. दोन जीबी, हजार फोटो! पाकिटावर लिहिलंय बघा.” शेठनं खोक्यात हात घालून एक पाकीट काढलं. खोक्यात तसलीच ढीगभर पाकिटं होती.

कॅमेरा निवडायला तिघांनी तासभर घातला होता. कार्डाकडं मात्र कुणी वळूनही पाहिलं नाही.

“एवढुसं तर हाय! त्यात काय बघायचं?” नंदा म्हणाली.

आणि तिथंच तिघं फसली.

•

परतीच्या एसटीत नंदा आणि भुजंग खिडकीसाठी भांडत होते. सत्यशीला मात्र कॅमेरा पोटाशी धरून बसली होती.

तिचे मायबाप मेंढरं राखायचे. दरवर्षी भाऊबीज झाली की कळप घेऊन गोदावरीकाठी, गंगथडीकडं निघायचे, ते पावसाळ्याच्या तोंडावरच परत यायचे. तोवर शाळेसाठी सत्यशीला सुगंधाआत्याकडं. आत्या जीव लावायची, तेल लावून वेणी घालायची. पण संध्याकाळी कळपाच्या घंट्या वाजत नसत. मग ती शांतता कानात बोट घातल्यासारखी टोचायची.

मागच्या वर्षी एक भलतीच गोष्ट झाली होती. थंडी सरता सरता तिला मायचा चेहरा आठवेना! नाक आठवायचं, डोळे आठवायचे, कपाळावरचं गोंदण आठवायचं, पण ते एकत्र जुळायचंच नाही. घरात मायचा एकही फोटो नव्हता. ही गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नाही. सांगितली असती तर भुजंग हसला असता, आणि तिनं त्याला बदडला असता.

म्हणून यंदा बाबांकडं हट्ट धरला होता. कपडे नको, फटाके नको, कॅमेरा पाहिजे.

•

पाडव्याला माळावर धमाल उडाली! मेंढरांना धुतलं, शिंगांना गेरू लावला, मायनं आरतीचं ताट आणलं.

“माय, तू हिथं उभी राह्य! पहिला फोटो तुझा!” सत्यशीला ओरडली.

“काय बोलती पोरी!” द्वारकाबाईनं जीभ चावली. “सणाला आधी मेंढरं, मंग माणसं. ओवाळायचं बी तसंच, जेवायचं बी तसंच. तुझं यंत्र काय जगावेगळं हाय का?”

“बराबर हाय,” बाबा म्हणाले. त्यांचं नाव रायभान. बोलायचे कमी, पण बोलले की विषय संपला. “एकेकीचा काढ. हजार फोटो मावतेत ना?”

मग काय! माय एकेक मेंढरू धरून आणायची, सत्यशीला बटण दाबायची.

“किती झाले? मोजू का कळप?” नंदानं विचारलं.

“मोजायचं न्हाई!” बाबांनी डोळे वटारले. “कळप मोजला की घटतो.”

“तुला मोजलं तर बरं व्हईल,” भुजंग पुटपुटला, आणि नंदानं त्याच्या पाठीत बुक्की घातली.

मेंढरं झाली, कोकरं झाली, शिंगाळू मेंढा झाला, कुत्रा झाला, घोडी झाली. आणि मग सगळ्यात शेवटी माय पदर सारखा करून उभी राहिली. एकदा समोरून, एकदा बाबांबरोबर, एकदा हसताना. सत्यशीला काढतच राहिली. काढलेले फोटो परत बघितले नाहीत. पडदा चालू ठेवला की सेल उतरतात, हे तिला ठाऊक होतं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या सकाळी कळप निघाला.

“मागं पळत येऊ नको,” माय म्हणाली. “साळंत जा. फोटो हाय ना आता!”

घंट्या वळणापलीकडं विरल्या. माळावर लेंड्या राहिल्या आणि चुलीचे तीन काळे दगड, अजून कोमट. सत्यशीला त्यातल्या एकावर हात ठेवून बसली. तो गार झाल्यावर उठली.

•

भोकरदनच्या फोटो स्टुडिओत बद्रीनाथकाकांनी कार्ड कॉम्प्युटरला लावलं. पडद्यावर मेंढरू आलं. मग मेंढरू. मग मेंढरू.

“काय गं, मेंढरांचं लग्न होतं का?”

“पुढं चला काका, पुढं!”

शिंगाळू मेंढा आला, पण अर्धाच! वर शिंगं, खाली नुसता राखाडी पट्टा. पुढचा फोटो राखाडी. त्याच्या पुढचाही. काका खटाखट बटण दाबत राहिले. राखाडी, राखाडी, राखाडी.

“कार्ड मेलं. पाडलं असंल तुम्ही,” काका म्हणाले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळले.

भुजंग उसळला, “पाडलं? कुणी पाडलं? ह्या पोरीनं कॅमेरा झोपताना बी उशाला—”

“चल,” सत्यशीला म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक होता की भुजंगचं वाक्य घशातच राहिलं.

तिघं घरी आली. ओट्यावर बसून तिनं कॅमेऱ्यातले फोटो एकेक करून पाहिले. नंदासुद्धा गप्प होती! मग अचानक सत्यशीलानं मान वर केली.

“पडल्यानं बिघडलं असतं तर मधीच एखादा बिघडला असता. हे बघ! शिंगाळ्यापर्यंत एक बी न्हाई, आणि त्याच्यानंतर समदेच. चाकूनं कापल्यावानी.”

“म्हंजी?” भुजंगनं विचारलं.

“म्हंजी कार्डात जागाच तेवढी हाय. दोन जीबी नुसतं वरून छापलंय!”

•

दुसऱ्या दिवशी आत्याला सांगून तिघं पुन्हा मस्तगडला.

“हात हलला असंल,” कारभारीशेठ हसत म्हणाले. “आणा, फॉरमॅट मारतो. नवं कोरं व्हईल.”

“फॉरमॅट म्हंजी?” नंदानं विचारलं.

“आतलं समदं साफ!”

शेठचा अंगठा बटणावर गेलाही होता. सत्यशीलानं काउंटरवरून झेप घेऊन कॅमेरा ओढला. “मेंढरं हायत त्यात!”

दुकानातली माणसं खो खो हसली. सत्यशीलाची कानशिलं तापली, पण तिनं कार्ड काढून कनवटीला खोचलं.

“बदलून द्या,” ती म्हणाली.

“घे बाई.” शेठनं त्याच खोक्यातलं दुसरं पाकीट फेकलं. बघितलंसुद्धा नाही.

पायरीवर आल्या आल्या भुजंगनं दगड उचलला. “काच फोडतो त्याची!”

“ठेव खाली! काच फुटली तर चोर आपण ठरतो. आधी हे कार्ड भरू.”

मग तिघांनी मस्तगड पालथं घातलं. रिक्षा, कुत्री, जिलबीची कढई, केळीवाला, केळीवाल्याची झोप, जे दिसेल त्याचा फोटो! अधूनमधून सत्यशीला मागं जाऊन तपासायची. सगळं ठीक. ठीक. ठीक. आणि मग एका रिक्षाचं टप दिसलं आणि चाकं राखाडी!

“संपलं!” नंदानं टाळी वाजवली. “हे बी तसलंच! चला, सांगू त्याला!”

“आपण सांगितलं तर म्हणंल, पोरं खोटं बोलून राह्यली.” सत्यशीलाचे डोळे चमकले. “त्यालाच बटण दाबू दे.”

दुकानात आता फेटेवाले एक काका आले होते. रामराव. पोरीचं लग्न तुळशीनंतर, म्हणून कॅमेरा घेत होते. त्यांच्यासमोर तेच खोकं उघडं होतं.

“शेठ!” नंदा मधाळ आवाजात म्हणाली. “नव्या कार्डावर तुमचा फोटो काढू का? मोठा करून दुकानात लावा की!”

कारभारीशेठनं भांग सारखा केला. “काढ, काढ! मागं देवाची तसबीर येऊ दे.”

“जरा हसा! आता फोन कानाला लावा! आता ह्या काकांच्या संगट!” नंदा फर्मावत होती, सत्यशीला बटण दाबत होती. शेठ तर खुर्चीवर चढून ट्यूबलाईटखालीसुद्धा उभे राहिले!

“आता तुम्हीच बघा, शेठ. समद्यांना दाखवा.”

शेठनं ऐटीत बटण दाबलं. पहिला कुत्रा आला. जिलबी आली. “वा! एकदम साफ!” केळीवाल्याची झोप आली. लोक हसले. अर्धी रिक्षा आली. आणि मग राखाडी. राखाडी. शेठ दाबत राहिले, त्यांचं कपाळ घामेजलं.

“मी कुठं गेलो?” ते म्हणाले.

“माझी माय गेली तिथंच,” सत्यशीला म्हणाली.

दुकानात कुणी हसलं नाही.

तिनं कनवटीचं कार्ड काढून कॅमेऱ्यात घातलं, आणि अर्धा मेंढा रामरावांना दाखवला. “हे पहिलं कार्ड, ते दुसरं. दोन्ही ह्याच खोक्यातली. माझी माय कळप घेऊन गेली, काका. आता पावसाळ्याबिगर येणार न्हाई.”

रामरावांनी हातातलं पाकीट काउंटरवर आपटलं. “म्हंजी माझ्या लेकीच्या लग्नाचे बी असेच झाले असते? सप्तपदी कुठून आणली असती रे परत?”

“माल बाहेरून आल्ता, मामा... पाकिटावर लिहिलं होतं...”

“एक तरी कार्ड भरून बघितलं का?” भुजंगनं विचारलं.

कारभारीशेठनं कपाळ पुसलं. मग त्यांनी खोकं उचललं आणि काउंटरखाली ढकललं. “चुकलं माझं. पाकीट वाचलं, आत बघितलं न्हाई. हे खोकं आता विकणार न्हाई. आणि पोरी, तुला कंपनीचं कार्ड देतो.”

“दुसऱ्या कंपनीचं बी चालंल,” सत्यशीला म्हणाली. “आमचे सेल दुसऱ्या कंपनीचेच हायत, पिशवी बी, काय झालं न्हाई त्यांना. पण हिथंच भरून दाखवा.”

“शाब्बास!” रामराव गडगडले. “डोळे हायत का काय हायत! पोरी, मला बी कॅमेरा तूच निवडून दे.”

तिनं दिला. पेन्सिल सेलवाला. आणि कार्ड काउंटरवर भरून बघितल्याशिवाय रामराव हलले नाहीत.

जाताना शेठनं ओशाळून विचारलं, “जे आलेत त्यांच्या कॉप्या काढून देऊ का? मेंढरांच्या?”

सत्यशीलानं खांदे उडवले.

•

संध्याकाळी सगळी हकिगत ऐकून सुगंधाआत्यानं तिघांवरून बोटं मोडली. “दुकानदाराला त्याच्याच दुकानात पकडलं! माझ्या भावाची लेक शोभती!” भुजंग आणि नंदा गल्लीभर तीच गोष्ट वाढवून वाढवून सांगत सुटले.

सत्यशीला ओट्यावर एकटी बसली. शाबासकीनं पोट भरतं म्हणतात, पण तिचं भरलं नव्हतं. मांडीवर शेठनं काढून दिलेल्या फोटोंचं जाड पाकीट होतं. मेंढरू, मेंढरू, मेंढरू. वैतागून ती फेकणारच होती, आणि तिचा हात थांबला.

मेंढराच्या कानापाशी एक हात होता.

तिनं दुसरा फोटो घेतला. मेंढराच्या गळ्याखाली तोच हात! मनगटावर गोंदलेली तुळस, हिरव्या बांगड्या, करंगळी थोडी वाकडी. शिंगाळ्यानं धडक दिली होती तेव्हाची. तिसऱ्यात हात पाठीवर. चौथ्यात तो एका कोकराचं नाक पदरानं पुसत होता. अगदी तसंच, जसं सत्यशीलाचं पुसायचा.

मेंढरू आपण होऊन थोडंच उभं राहतं! प्रत्येकीला कुणीतरी धरलं होतं.

तिनं सगळे फोटो ओट्यावर पसरले. नंतर डोळे मिटले. हातापासून सुरुवात केली, तर दंड आठवला, खांदा आठवला, पदर, हनुवटी... आणि चेहरा जुळला. अख्खा जुळला!

“सत्ये! पळ! किराणा दुकानावर फोन आलाय, मामीचा!” भुजंग ओरडत आला.

ती अनवाणी धावली. 

“काय गं, जेवलीस का?” मायचा आवाज लांबून, वाऱ्यातून येत होता. “फोटो कसे आले?”

“मेंढरं समदी आली, माय.”

“आणि मी? मी तर शेवटी किती नीट उभी राह्यले होते!”

“तू समद्यांत हायेस.”

“म्हंजी कसं?”

“आल्यावर दाखवते.”

“बरं. पावसाळ्यात आलो की मंग पहिला फोटो माझा काढ.”

“न्हाई!” सत्यशीला रडता रडता हसली. “आधी मेंढरं. तू धरायला ये.”

फोनमध्ये मागं कुठंतरी घंटी वाजली. तिनं रिसीव्हर कानाला आणखी घट्ट दाबला.