तृतीया

रोज सकाळी नऊच्या सुमाराला सरांच्या संगणकावर एक चौकट उगवायची. हे सॉफ्टवेअर फार जुनं झालं आहे, बदलायचं का, असं ती विचारायची, आणि खाली दोन बटणं असायची. ‘आता’ आणि ‘नंतर’. सर ‘नंतर’ दाबायचे आणि चहाचा कप उचलायचे.

सरांचं सगळं आयुष्य या दुसऱ्या बटणावर गेलं होतं. बत्तीस वर्षं व्याकरण शिकवल्यामुळे शाळेतली पोरं त्यांना विभक्तीसर म्हणायची; बायकोनं मात्र घरात त्यांचं नाव नंतरराव ठेवलं होतं. गळका नळ नंतर, दातांचा डॉक्टर नंतर. तिची कादंबरीसुद्धा नंतर.

ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. कुणी उद्धट बोललं तर भांडायची नाही. त्याची लाइन सगळ्यांत शेवटी जोडायची. तिथल्याच बायकांवर ती कामाला जाण्याआधी तासभर लिहायची. आधी वहीत, मग याच संगणकावर. सरांचा वर्गमित्र प्रकाशक होता. “अहो, एकदा त्यांना दाखवा ना,” ती म्हणायची. सर म्हणायचे, बघू नंतर. असं अकरा वर्षं चाललं. मग ती गेली, आणि आठव्या दिवशी सरांनी कादंबरी दाखवली. स्वतःच्या नावानं.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. पहिल्या भागाचं कौतुक झालं, सत्कार झाले. बायकांच्या मनातलं इतकं कसं कळतं हो, असं लोक विचारायचे आणि सर नम्रपणे हसायचे. आता दुसरा भाग हवा होता. तोही तिनं लिहून ठेवला होता, पण त्या फायलींवर तिचं नाव होतं, तारखा होत्या. म्हणून सर तो पुन्हा टाइप करत होते. पानामागून पान टाइप केलं की तारीखही आपली आणि नावही आपलं. तिच्या फायली फक्त या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत. काम संपेपर्यंत ‘नंतर’ दाबणं भाग होतं.

शेवटची चाळीस पानं उरली तेव्हा सरांनी प्रकाशकाला पत्र लिहायला घेतलं. ‘दुसरा भाग मी जवळजवळ पूर्ण केला आहे.’ त्यांनी चष्मा पुसला. पडद्यावर होतं, ‘दुसरा भाग तिनं जवळजवळ पूर्ण केला आहे.’

त्यांनी दुरुस्त केलं. पुन्हा तेच. तीन वेळा झाल्यावर त्यांनी दुरुस्तीवालीला बोलावलं.

ही शांत, कामाशी काम ठेवणारी बाई. तिनं आपोआप शब्द बदलणारी यादी उघडून दाखवली. यादी रिकामी होती. मग तिनं डब्याला कान लावला. आतून टकटक येत होती. डिस्क संपत आली आहे, ती म्हणाली. हवं ते उतरवून घ्या आणि मशीनच बदला. उठता उठता तिनं माउस हलवला आणि थांबली.

“सर, तुम्ही डावखुरे आहात का?”

“नाही. का?”

“बटणं उलटी लावलीयत. म्हणून विचारलं.”

सरांनी ती सुलटी करून घेतली. बायको गेली त्याच आठवड्यात त्यांनी ती एकदा सुलटी केली होती, आणि ते त्यांना पक्कं आठवत होतं.

बायको डावखुरी होती. कागदावर आधी अख्ख्या ओळीची अक्षरं बोडकी लिहायची आणि मग एका दमात शिरोरेघ ओढायची, तीही उजवीकडून डावीकडे. व्याकरणाच्या मास्तरांना ते बघवत नसे. एकदा ते चिडलेच, तेव्हा ती वही मिटत म्हणाली होती, “रेघ कुठूनही येऊ दे. अक्षरं माझीच आहेत.”

आठ दिवसांत चाळीस पानं संपली. नवव्या सकाळी चौकट उगवली आणि सरांनी आयुष्यात पहिल्यांदा ‘आता’ म्हटलं. नवं मशीन आणलं, स्वतः टाइप केलेलं तेवढं त्यात उतरवून घेतलं. नवा कीबोर्ड, नवं सॉफ्टवेअर, सगळं कोरं करकरीत. दुरुस्तीवालीनं जुनी डिस्क काढून हातात दिली. बाई गेल्यावर सरांनी बाल्कनीत बसून हातोडीनं डिस्कचा चुरा केला. बायकोच्या वह्याही फाडून रद्दीत घातल्या. एकदाचं सुटलो, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

दुपारी ते प्रस्तावना लिहायला बसले. ‘ही कादंबरी मी पहाटे लिहिली. तेव्हा मी एकटाच जागा असायचो.’

पडद्यावर आलं, ‘ही कादंबरी तिनं पहाटे लिहिली. तेव्हा ती एकटीच जागी असायची.’

सरांनी कीबोर्डवरून हात उचलले. भीती त्या शब्दांची नव्हती, व्याकरणाची होती. ‘मी’ला प्रथमेतही ‘मी’ आणि तृतीयेतही ‘मी’, रूप एकच. शब्दाला शब्द बदलणाऱ्या मशीननं दोन्हीकडे ‘ती’ घातलं असतं. इथं एकीकडे ‘तिनं’ होतं, दुसरीकडे ‘ती’, आणि पाठोपाठ एकटी, जागी, असायची. एवढा विचार करून वाक्य फिरवायला कुणीतरी बसलेलं लागतं.

त्यांनी हट्टानं शब्दन् शब्द दुरुस्त केला. संध्याकाळपर्यंत सगळीकडे ‘मी’ झालं. तीनदा वाचून, खात्री करून त्यांनी मजकूर पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकाशकाचा फोन आला. त्याचा आवाज जड होता.

“प्रस्तावना वाचली. असं कबूल करायला छाती लागते रे. दुसरा भाग वहिनींच्या नावानंच काढतो. पहिल्याचंही कव्हर बदलतोय. त्यांचा एक फोटो पाठव.”

सरांनी पाठवलेला मजकूर उघडला. पडद्यावर सगळीकडे ‘मी’च होतं. त्यांनी फोनवर सांगितलं की तुला मिळालेली प्रस्तावना माझी नाही, मशीनचा घोटाळा आहे.

“मग तसं कागदावर लिहून दे,” मित्र म्हणाला. “हातानं. मशीन नको. आज मिळालं तर छपाई थांबवतो.”

सरांना हायसं वाटलं. नाव वाचवण्याची ही एकच वाट होती.

त्यांनी संगणकाची वायर भिंतीतून उपटली. टेबल पुसलं. कोरा कागद घेतला.

घरात आवाज नव्हता. टकटकही नव्हती.

प्रस्तावनेच्या मजकुराबद्दल एकच वाक्य लिहायचं होतं. त्यांनी ते मनात जुळवलं, विभक्ती तपासली आणि सावकाश लिहिलं.

ते मी लिहिलेलं नाही.

शब्द बरोबर होते. एकही बदलला नव्हता. सरांनी सुटकेचा श्वास सोडला आणि ओळ पुन्हा वाचली.

अक्षरं अजून बोडकी होती.

मग पेन ओळीच्या उजव्या टोकाला टेकलं आणि एका दमात डावीकडे गेलं. ते सरांच्या डाव्या हातात होतं.